तांबूचं वजन

तांबू देवघरासमोर ओकला तो नेमका गौरी बसायच्या आदल्या दिवशी. आईने नुकतीच फरशी पुसून रांगोळी काढली होती. ती हातातलं फडकं तसंच धरून उभी राहिली.

"निमे, एकदाच सांग," ती म्हणाली. "ह्या घरात कुत्रं राहणार का मी?"

मला अशा वेळी नको ते सुचतं. निवड अवघड आहे, असं म्हणायचं ओठांवर आलं होतं. पण तिचा चेहरा बघून मी मुकाट्याने बादली आणायला गेले. तांबू कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. आपल्यामुळे घरात काहीतरी बिनसलंय हे त्याला कळायचं, पण काय बिनसलंय ते कळत नव्हतं.

आईने मुदत घातली. दिवाळीपर्यंत कुत्र्याचं पोट ठिकाणावर आलं तर ठीक, नाहीतर अण्णांच्या ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर तो टेंभुर्णीला जाईल आणि तिथल्या ढाब्यावर काय नशिबात असेल ते खाईल. ढाब्यावरचं तेलकट खाऊन तांबू पंधरवडाही काढणार नाही, हे मला माहीत होतं आणि आईलाही माहीत होतं. ती दुष्ट नव्हती. रोज सकाळी उठून घाण काढायचा तिला वीट आला होता, आणि माझ्या शिकवण्या सकाळी असल्यामुळे ती घाण बहुतेक तिच्याच वाट्याला यायची.

तेव्हा आम्ही बार्शीत राहायचो. अण्णा मार्केट यार्डात मापाडी होते, म्हणजे शेतकऱ्यांचा माल काट्यावर तोलून वजन सांगणारे. तांबू मला तिथेच सापडला होता, रिकाम्या पोत्यांच्या ढिगात, मुठीएवढा, तांबूस रंगाचा. घरी आणला तेव्हा अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"त्याला पोट हाय," ते म्हणाले. "ते रोज मागंल. रोज द्यायची तयारी असंल तर ठेव."

अण्णा बहात्तरच्या दुष्काळात दहा-बारा वर्षांचे होते. रस्त्याच्या कामावर त्यांनी खडी फोडली होती आणि सरकारने वाटलेली सुकडी खाल्ली होती. त्यामुळे आमच्या घरात एकच कायदा होता: ताटात काही टाकायचं नाही. अण्णा स्वतः शेवटच्या घासाने ताट पुसून घ्यायचे, मग त्यात पाणी ओतून, हाताने फिरवून तेही प्यायचे. पाहुण्यांसमोरसुद्धा. मला लहानपणी त्याची फार लाज वाटायची. मी सात-आठ वर्षांची असताना एकदा कारल्याची भाजी टाकून उठले, तर त्यांनी मला परत ताटापुढे बसवलं. न मारता, न ओरडता. मी रडून झाले, झोपून उठले, दिवेलागण झाली, तरी ताट तिथेच आणि अण्णाही तिथेच, शेजारी. शेवटी मी ती भाजी खाल्ली. कारलं मी आजतागायत तोंडात घेतलेलं नाही.

तर तांबूचं पोट. ते सारखं बिघडायला लागलं श्रावणात. लहानपणापासून त्याला दूध सोसत नव्हतं, हे खरं. म्हणून मी दूध-पोळी बंद केली. मग बाजारात गेले. एका दुकानात कुत्र्यांचं खाणं पोत्यातून सुटं मिळायचं, ते आणलं. त्याने दोन दिवसांत अंगणाची दैना केली. दुकानदाराने मग एक चकचकीत पाकीट दाखवलं. नाजूक पोटाच्या कुत्र्यांसाठी खास, म्हणाला. त्यावरची किंमत मी दोनदा वाचली आणि पाकीट परत फळीवर ठेवलं. तेवढ्यात आमच्या घराचं आठवड्याचं वाणसामान आलं असतं. दुकानदार म्हणाला, ताई, जीव लावायचा म्हणजे खर्च येतोच. मी म्हटलं, जीव लावलाय, गहाण नाही ठेवला.

मग घरच्या घरी सुरू केलं. दहीभात दिला, उकडलेलं अंडं दिलं. कोंबडीवाल्याकडून पाय आणून अंगणात तीन विटांवर शिजवले, कारण आई माळकरी, ती असलं काही स्वयंपाकघरात येऊ देणं शक्यच नव्हतं. प्रत्येक वेळी चार दिवस बरे जायचे आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी ज्वारीच्या कण्या सापडल्या. यार्डात सांडलेली ज्वारी झाडणाऱ्या बायका स्वस्तात विकायच्या. ती निवडून, भरडून, तांबड्या भोपळ्याबरोबर गरगट शिजवायची, मीठ नाही, वर चमचाभर दही. तांबूला ते आवडलं. मला वाटलं, जिंकले. आईलाही सांगून टाकलं. आणि त्यानंतर तो ओकला, देवघरासमोर.

या सगळ्यात मला एका गोष्टीचं फार बरं वाटत होतं. अण्णांना तांबूचा लळा लागला होता. पूर्वी ते त्याला पायाशीही फिरकू द्यायचे नाहीत. आता पडवीत जेवायला बसले की तो त्यांच्या मांडीला टेकून बसायचा आणि ते काही म्हणायचे नाहीत. आईने टेंभुर्णीचा विषय काढला तेव्हा तर ते चक्क मध्ये पडले. राहू दे, गरीब जनावर आहे, मी साफ करत जाईन, म्हणाले. ज्या माणसाने आयुष्यात स्वतःचा पेला विसळला नव्हता, त्याच्या तोंडी हे ऐकून आई आणि मी एकमेकींकडे बघतच राहिलो. म्हातारपणी माणूस मऊ होतो, असं आई नंतर मला म्हणाली. तसे ते जरा वाळलेही होते, पण श्रावणात त्यांनी किडलेल्या दाढा काढल्या होत्या आणि गाल त्यामुळे बसलेत असं ते सांगायचे. शिवाय त्यांचं जेवण उत्तम होतं. आई दोन भाकरी वाढून तिसरी थापायला आत जायची आणि ती भाजून बाहेर आणेपर्यंत ताट लख्ख असायचं. माणूस जेवतोय ना, मग काय काळजी, हे तिचं साधं गणित होतं.

गौरी उठल्यावर मी तांबूला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर नाईकनवरे तिरसट होते, पण कामाचे. मी तांबूची ओकारी डब्यात घालून नेली होती. त्यांनी नाक न मुरडता काडीने ढवळून पाहिली.

"कण्या देता म्हणालात ना? मग हा कांदा कुठून आला? आणि ही मिरचीची साल?"

मी म्हटलं, शक्यच नाही.

"कांद्याने कुत्र्याचं रक्त कमी होतं, बाई. हे आजचं दिसत नाही. कुणीतरी रोज ह्याला माणसाचं जेवण घालतंय. ते आधी बंद करा."

घरी येऊन आम्ही मायलेकी चोर शोधायला बसलो. आईला माझा संशय आला, मला आईचा, आणि मग दोघींना मिळून शेजारच्या मंगलकाकूंचा. त्या खरकटं भिंतीवरून टाकतात असं आईचं जुनंच म्हणणं होतं. आई कुंपणाशी जाऊन त्यांना बरंच काही बोलली. त्या रडल्या, देवाची शपथ घेतली, आणि मग आमच्याशी बोलायच्या बंद झाल्या. अण्णा पडवीत बसून हे सगळं ऐकत होते. नंतर एवढंच म्हणाले की त्या बाईला उगीच बोललात. अण्णांवर संशय घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही. जो माणूस ताटाचं पाणीसुद्धा वाया घालवत नाही, तो कुत्र्याला घास टाकेल?

दिवाळी जवळ येत होती आणि तांबूच्या फासळ्या दिसायला लागल्या होत्या. डॉक्टरांनी रक्ताचं औषध द्यायचं ठरवलं, पण ते वजनावर द्यावं लागतं आणि दवाखान्यातला काटा बंद होता. ते हसून म्हणाले, मापाड्याची पोर ना तू, यार्डातून वजन करून आण. मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, नजरेनं सांगतो, बारा किलो धर. डॉक्टरांना नजर चालत नाही, मी म्हटलं. मग त्यांना आज गर्दी होती, उद्या काटा दुरुस्तीला होता, परवा विसरले. चौथ्या दिवशी मी वैतागले आणि तांबूला कडेवर घेऊन सकाळीच यार्डात गेले.

लिलाव सुरू व्हायचा होता. उडदाची पोती रांगेला लागली होती आणि शेतकरी त्यांच्यावरच बसून चहा पीत होते. अण्णा काट्याजवळ उभे होते. अंगात स्वेटर होता. मला बघून त्यांचा चेहरा उतरला, आणि मला वाटलं, सगळ्यांसमोर कुत्रं आणलं म्हणून लाजले.

तांबूला काट्यावर ठेवलं की तो उडी मारायचा. तीनदा ठेवलं, तीनदा पळाला. मग मी त्याला घेऊन उभं राहायचं ठरवलं, तर लोखंड पायाखाली हलताच त्याने मला ओरबाडलं आणि माझ्या खांद्यावरून खाली उडी घेऊन तो अण्णांच्या पायाशी गेला. तिथले जुने हमाल शब्बीरचाचा हसत होते.

"अण्णा, तुमीच घ्या त्याला," ते म्हणाले. "तुमच्यापाशी गप ऱ्हातंय. तुमचं वजन काय, यार्डाला पाठ हाय."

ते खरंच होतं. काटा बरोबर आहे का हे बघायला अण्णा रोज सकाळी आधी स्वतः त्यावर उभे राहायचे. एकाहत्तर. जुना तराजू जाऊन लाल आकड्यांचा काटा आला तरी त्यांनी ही सवय सोडली नव्हती. कुणी काट्यावर शंका घेतली तर हमाल म्हणायचे, अण्णांना उभं करा, एकाहत्तर आलं तर काटा खरा. वर्षानुवर्षं यार्डाचं ते एक वजनच होतं. अलीकडे ते उभे राहत नाहीत, लोखंडी मापंच ठेवतात, हे मला ठाऊक नव्हतं. शब्बीरचाचांनाही त्यात काही वावगं वाटलं नसावं.

अण्णा नको म्हणाले. माझी चप्पल चिखलात भरली होती, हातावर ओरखडे होते आणि शिकवणीची पोरं घरी येऊन बसली असतील. मी तांबूला उचललं, त्यांच्या हातात कोंबलं आणि त्यांना दंडाला धरून काट्यावर चढवलं. दंड हातात आला तेव्हाच मला काहीतरी कळायला हवं होतं. स्वेटरच्या आत फार थोडं होतं.

आकडे फिरले आणि थांबले. एकोणसत्तर.

मी मोठ्याने हसले. "म्हणजे तांबूचं वजन उणे दोन किलो!"

पोत्यांवर बसलेले शेतकरीही हसले. शब्बीरचाचा म्हणाले, काटा बिघडला वाटतं. ही गंमत होती. पण रांगेतला एक म्हातारा शेतकरी लगेच उठून उभा राहिला आणि म्हणाला, बिघडला असंल तर माझा उडीद त्याच्यावर घालू नका. मागून अडते झंवरशेठ पुढे आले. त्यांनी अण्णांना विचारलं, काट्यात फरक आहे का, असेल तर लिलाव थांबवतो, दुरुस्तीवाल्याला बोलावतो.

अण्णा काट्यावरच उभे होते. तांबूने त्यांच्या गळ्यात मान टाकली होती. सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी होय म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. काटा बिघडला, एवढं एकच खोटं. पण काट्याबद्दल खोटं बोलणं त्यांच्याने होईना.

"काटा बरोबर हाय," ते म्हणाले. "माल घ्या."

आता कुणी हसत नव्हतं. शब्बीरचाचांनी पुढे होऊन त्यांच्या हातातून तांबूला घेतलं. अण्णा काट्यावरून उतरले. आकडे शून्यावर यायच्या आधी एकट्या अण्णांचा आकडा क्षणभर दिसला असेल. मी तो पाहिला नाही. मला तो बघायचा नव्हता. मी खूप घाबरले होते.

झंवरशेठनी दुसऱ्या मापाड्याला हाक मारली. मी अण्णांना यार्डाच्या फाटकाबाहेरच्या चहाच्या गाडीवर नेलं. त्यांनी चहा घेतला, घोट घोट करत, प्रत्येक घोटाला मान जराशी पुढे काढून. असे ते कधीपासून पीत होते कोण जाणे. तांबू त्यांच्या पायाशी बसला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पंचमीपास्नं. भाकरी उतरंना. हितं अडकती." त्यांनी छातीच्या मधोमध बोट ठेवलं. "आधी पान्याबरबर जायची. आता पातळच जातं."

"पण ताट तर रोज..."

मी तिथेच थांबले. अण्णांनी खाली तांबूकडे पाहिलं, आणि मी पण पाहिलं. पिठलं, कांद्याची भाजी, मिरचीचा ठेचा, दोन दोन भाकरी. आई पाठ फिरवून आत जायची तेवढ्या वेळात. आणि मग ते रिकाम्या ताटात पाणी ओतून प्यायचे, कारण पाणी उतरत होतं. मी कण्या शिजवत होते, अंडी उकडत होते, दुकानं पालथी घालत होते, मंगलकाकूंना रडवत होतो आम्ही.

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, सांगायचं होतं, ताट सरकवायचं होतं, नको म्हणायचं होतं, आईने काय खाल्लं असतं तुम्हाला? भरल्या ताटावरून उठला असता तर त्याच दिवशी कळलं असतं आम्हाला.

"तुला बसवलं व्हतं मी," अण्णा म्हणाले. "कारल्यापायी. सांच्यापर्यंत. मग मी कसा उठू?"

गाडीवाला पैसे घ्यायला आला, आमच्याकडे बघून परत गेला.

घरी आईला मीच सांगितलं. ती भाकरी थापत होती. ऐकून तिचे हात थांबले. "म्हणजे मी दोन दोन भाकरी वाढत होते," ती सावकाश म्हणाली, "त्या कुणाला?" मग तिने परातीतलं पीठ तसंच सोडलं आणि पडवीत जाऊन बसली. संध्याकाळी ती कुंपणाशी गेली आणि मंगलकाकूंना हाक मारली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. काकू मात्र लगेच आमच्याकडे आल्या.

आम्ही अण्णांना सोलापूरला नेलं. अन्ननलिकेत गाठ होती आणि ती खूप पुढे गेलेली होती. पंचमीला आणलं असतं तर, असं मी विचारायला गेले. डॉक्टरांनी माझ्या प्रश्नाचं उत्तर अण्णांसमोर दिलं नाही, आणि बाहेर आल्यावर मी परत विचारलं नाही.

दिवाळीत तांबूला कुठे पाठवायचा विषय कुणी काढला नाही. आई सकाळी एकच पातेलं चढवायची. ज्वारीच्या कण्या आणि तांबडा भोपळा, गरगट शिजवलेला. अर्धं काढून गाळून, चिमूटभर मीठ घालून अण्णांना वाटीत. उरलेलं तसंच तांबूला. माझ्या हातच्या त्या शोधाचा असा उपयोग होईल, असं मला वाटलं नव्हतं. तांबू महिन्याभरात गुटगुटीत झाला. अंगावर चकाकी आली. त्याच्याकडे बघून आनंद व्हायचा आणि त्या आनंदाचा मला राग यायचा.

मार्गशीर्षात एकदा दुपारी अण्णांना चार चमच्यांनंतर उतरेना. आई समोर बसली होती, आता ती वाढून आत जात नव्हती. अण्णांनी चमचा वाटीत ठेवला, पण वाटी खाली ठेवली नाही. दोन्ही हातांनी धरून बसले.

"उठा अण्णा," मी म्हटलं.

"ऱ्हायलंय अजून."

"राहू द्या. चालतं."

त्यांनी आईकडे पाहिलं. इतकी वर्षं त्यांचा कायदा तिने पाळला होता आणि आम्हाला पाळायला लावला होता. आईने त्यांच्या हातातून वाटी काढून घेतली. मला वाटलं ती आत नेईल. तिने ती पडवीच्या फरशीवर, सगळ्यांच्या देखत, तांबूपुढे ठेवली. तांबू आधी बिचकला. मग त्याने वाटी चाटूनपुसून साफ केली. अण्णा ती रिकामी वाटी बराच वेळ बघत राहिले आणि मग भिंतीला टेकून त्यांनी डोळे मिटले. मी त्यांना इतकं निवांत बसलेलं आधी पाहिलं नव्हतं.

पौषात ते गेले.

तांबू पुढे भरपूर जगला. दूध सोडलं तर त्याला काहीही पचायचं. त्याच्या पोटाला कधी काही झालंच नव्हतं.

आई आता माझ्याकडे असते. माझी मुलगी ताटात अर्धी भाजी टाकून उठते, मुद्दाम, माझ्याकडे बघत. मी ओरडायला तोंड उघडते, पण आई हाताने मला थांबवते. ती नातीला जवळ ओढते, तिच्या गळ्यावरून, मग छातीवरून हळूहळू बोटं फिरवते आणि प्रत्येक वेळी तेच विचारते.

"गिळायला काही होत नाही ना गं तुला?"